अंड्याची टरफलं, तिसऱ्यांचे शिंपले, चहाचा चोथा: मातीकामात कशाचा खरा उपयोग होतो?

प्रश्न: चेंदणीची_माती (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमच्या गृहसंकुलातला मातीकामाचा गट स्वयंपाकघरातला कचरा मातीत आणि ग्लेझमध्ये (भांड्यावरचा काचेसारखा थर) वापरायचा प्रयत्न करतोय. स्टेशनजवळच्या दोन बुर्जी-पावच्या गाड्यांवरून रोज दीड-दोन किलो टरफलं मिळतात. कोळीवाड्यातून तिसऱ्या आणि कालवांचे शिंपले येतात. चहावाल्यांकडून चोथा मिळतो आणि एका हॉटेलातून तंदूरची राख.

लाल मातीत १५ टक्के टरफलांची पूड घालून पणत्या आणि चौकोनी टाइल केल्या. पूड मिक्सरमधून काढून ३० मेशच्या (इंचाला ३० छिद्रं) चाळणीने चाळली होती. वीजभट्टीत ९८० अंशांवर भाजल्यावर सगळं उत्तम दिसत होतं. आठ-दहा दिवसांनी मात्र पृष्ठभागावरून नखाएवढे तुकडे उडायला लागले, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. काही पणत्या तर हातात घेताच भुगा झाल्या.

प्रश्न असे:
१. हे का होतं आणि कसं थांबवायचं?
२. टरफलं ग्लेझमध्ये घालता येतील का? भट्टी १२३० पर्यंत जाते, स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी) मातीही आहे.
३. चोथा, राख, हाडं, फुटक्या कपबश्या यांचं काय करावं?
४. यातून खाण्यापिण्याची भांडी करता येतील का?

---

उत्तर १: आवा_आणि_चाक (कळवा)

ताई, पांढरा ठिपका म्हणजे चुना. अंड्याचं टरफल जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, शिंपलाही तोच. साधारण ७५० ते ९०० अंशांच्या दरम्यान त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम कार्बोनेटचे ५६ ग्रॅम. हा चुना हवेतली वाफ ओढतो, भिजतो आणि त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. भाजलेली माती ताणली जात नाही, म्हणून कणाच्या डोक्यावरची माती उडते. ठाण्यात जुलै-ऑगस्टच्या हवेत हे आठवड्यात दिसतं. तीच वस्तू डिसेंबरात केली असती तर महिना-दोन महिने शांत बसली असती आणि विकल्यानंतर उडली असती. तेव्हा पावसाळ्यात कळलं हे बरंच झालं.

दोष टरफलांचा नाही, कणाच्या आकाराचा आहे. ३० मेशची चाळणी ०.६ मिलिमीटरपर्यंतचा कण सोडते. एवढ्या कणाच्या फक्त कडा मातीतल्या सिलिका-ॲल्युमिनाशी जुळतात, गाभा चुनाच राहतो. तोच कण ०.१-०.१५ मिलिमीटरच्या आत आला की हजार अंशांच्या आसपास सगळा चुना मातीत मुरतो, त्याचे कॅल्शियमचे सिलिकेट बनतात आणि ते पाण्याने फुगत नाहीत. किमान १०० मेश (०.१५ मिमी), जमलं तर २०० मेश (०.०७५ मिमी). मिक्सरने हे होत नाही. शिवाय टरफलाच्या आतलं पातळ कातडं दळलं न जाता चिंध्यांसारखं उरतं आणि चाळणी तुंबवतं.

म्हणून आधी टरफलं भाजायची, पण कमी. पद्धत अशी: आणलेल्या दिवशीच धुवा, दुसऱ्या दिवशी वास सुटतो. दहा मिनिटं उकळा, उन्हात वाळवा, हाताने चुरा. बिस्क केलेल्या (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या) भांड्यात भरून भट्टीत ५५० ते ६०० अंशांवर दीड-दोन तास ठेवा, झाकण थोडं उघडं. कातडं जळून जातं, टरफल आधी काळं आणि मग राखाडी होतं, आणि बोटांत चुरगळेल इतकं ठिसूळ बनतं. ६०० च्या वर जाऊ नका. कार्बोनेट कार्बोनेटच राहायला हवं.

मग पाणी घालून वाटा. टेबलावरचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर यासाठी उत्तम, फक्त तो पुन्हा पिठासाठी वापरू नका. ग्राइंडर नसेल तर पाटा-वरवंटा. दोन-तीन तास ओलं वाटलं की रबडी १०० मेशमधून ओता, वर राहील ते परत वाटायला घ्या. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गाळ वाळवा. कोरडं वाटायचंच असेल तर एन-९५ मास्क लावा.

भट्टी चुकून जास्त तापली का हे तपासायला दोन गोष्टी घरातच आहेत. चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाका: जोरात फसफसलं तर कार्बोनेट शाबूत आहे. दुसरी चिमूट ओल्या हळदीवर टाका: लगेच गडद लाल झाली तर त्यात कळीचा चुना झालाय. हळदीचं कुंकू होतं तीच क्रिया. असा चुना झालेली पूड हाताला लागली तर कातडी भाजते, डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. ती मातीत घालू नका, ग्लेझमध्ये तर नाहीच.

प्रमाणही कमी करा. लाल मातीत ५ ते ८ टक्के पुरे. १० च्या पुढे गेलात की लाल रंग मरतो, माती पिवळट बदामी होते. तो रंग हवा असेल तर १५-२० टक्केही चालेल, पण मग चिकटपणा घटतो आणि चाकावर कडा फाटतात. पणत्या साच्यात दाबून करत असाल तर अडचण नाही. बारीक चुन्याचा एक फायदा सांगून ठेवतो: कमी तापमानाच्या लाल मातीवर ग्लेझला जाळीसारख्या भेगा पडतात, त्या कमी होतात.

शिंपल्यांबद्दल. गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मीठ निघालं पाहिजे. नाहीतर वाळताना वस्तूच्या कडेवर पांढरा थर येतो. तिसऱ्यांचा शिंपला ४०० अंशांच्या आसपास आतून बदलतो आणि फुटून भुसभुशीत होतो, त्यामुळे तो दळायला सोपा. कालवाचा थरांचा असतो, वाटायला वेळ घेतो. वाटताना दोन्ही वेगळे ठेवा.

---

उत्तर २: खारघर_ग्लेझ

दादांनी मातीचं सांगितलं, मी ग्लेझचं सांगते. माझ्या मते टरफलांची खरी जागा ग्लेझमध्येच आहे. मातीत ती फक्त भर म्हणून जातात. ग्लेझमध्ये मात्र बाजारातून आणलेल्या व्हायटिंगची (कॅल्शियम कार्बोनेटची पूड) जागा घेतात, तीही वजनास वजन. एका अंड्याचं टरफल साधारण साडेपाच-सहा ग्रॅम, म्हणजे १८० अंड्यांचं किलोभर. तुमच्या दोन गाड्या एका गटाला वर्षभर पुरून उरतील. फक्त श्रावणात आवक घटते, तेव्हा आषाढातच साठा करून ठेवा.

१२२० अंश, म्हणजे कोन ६ साठी (कोन म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) सुरुवातीचं मिश्रण, १०० ग्रॅम कोरड्या वजनावर:
फेल्डस्पार (पोटॅश) १८.५
बोरॉनची फ्रिट (वितळवून दळलेली काच) १८.५
चायना क्ले १८.५
टरफलांची पूड १६
क्वार्ट्झ २८.५

पाच घटक २०-२० घेऊन केलेलं एक ग्लेझ सगळीकडे वापरतात. त्यातल्या वोलास्टोनाइटच्या (कॅल्शियम सिलिकेटचं खनिज) जागी टरफलं आणि जास्तीचं क्वार्ट्झ बसवलं की हे मिश्रण येतं. पारदर्शक, चकचकीत. फ्रिट घेताना विक्रेत्याकडून घटकांचा तक्ता मागा. बोरॉन, सोडा आणि कॅल्शियमची हवी, शिशाची अजिबात नको. तक्ता द्यायला नकार असेल तर ती घेऊ नका.

२८.५ पैकी निम्मं क्वार्ट्झ भाताच्या तुसाच्या राखेने बदलता येतं. ही राख ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. कर्जत-मुरबाडकडच्या भातगिरण्यांत तूस मिळतं. काळी राख तशीच वापरलीत तर उरलेला कार्बन ग्लेझ वितळताना जळतो आणि टाचणीएवढी छिद्रं पडतात. ६०० ते ७०० अंशांवर पांढरी होईपर्यंत पुन्हा भाजा. त्यापुढे नको. जास्त उष्णतेत तिची सिलिका स्फटिकरूप घेते आणि ती धूळ फुप्फुसांना फार वाईट. बारीक राख पाणीही खूप पिते. त्यामुळे रबडी घट्ट वाटली तरी लगेच पाणी ओतू नका, आधी ८० मेशमधून दोनदा गाळा आणि मग बघा.

१०० ग्रॅमला ९० मिलिलिटर पाण्यापासून सुरुवात करा. घनता १.४५ च्या आसपास आणा: १०० मिलिलिटर रबडीचं वजन १४५ ग्रॅम. बिस्क वस्तू तीन सेकंद बुडवली की पोस्टकार्डाच्या जाडीचा थर बसतो. टरफलं जास्त भाजून चुना झाला असेल तर बादलीतली रबडी रात्रीत दह्यासारखी घट्ट होते आणि वाळल्यावर वस्तूवरून पापुद्रे सुटतात. तशी बादली पाणी घालून वाचवता येत नाही, टाकून द्यावी लागते.

भाजताना ७०० ते ९०० या पट्ट्यात घाई करू नका, तासाला १०० अंशांहून जास्त नको. टरफलातला वायू तिथेच बाहेर पडतो. ग्लेझ वितळायला लागल्यावर तो निघाला तर फोड येतात. ११०० नंतर तासाला ८०, १२२० ला दहा-पंधरा मिनिटं थांबा. भट्टीच्या आकड्यावर विसंबू नका, फळीवर कोन ठेवा.

---

उत्तर ३: ऐरोली_खापर

प्रश्न ३ चं थोडक्यात.

चहाचा चोथा जळून जातो आणि मागे छिद्रं ठेवतो, त्याचं काम तेवढंच. कुंड्या आणि झाडांच्या मुळाशी पुरायचे पाझरणारे मटके यांना तो उत्तम. कडकडीत वाळवा, आलं-वेलचीचे तुकडे निवडून काढा, २० मेशने चाळा आणि कोरड्या मातीच्या पुडीत आकारमानाने पाचवा हिस्सा मिसळा. चौथ्या हिश्श्याच्या पुढे वस्तू कडेला मोडते. भिजवलेली माती दोन-तीन दिवसांत वापरा, आपल्या हवेत तिला बुरशी धरते. भाजताना ६०० पर्यंत तासाला ६०-८० अंश, झाकणाची फट आणि खिडकी उघडी. घाई केली तर मधला भाग काळा राहतो. तशी वस्तू पुढे जास्त तापवली की फुगते. धूर बराच होतो, बंद खोलीत हे करू नका. या मातीतून पिण्याच्या पाण्याची गाळणी म्हणून काही विकू नका, त्याची तपासणी वेगळी असते.

तंदूरची राख: आधी लाकडी कोळशाची की दगडी, हे विचारा. दगडी कोळशाची राख वेगळीच, तिच्यात चुना-पोटॅश कमी आणि लोह जास्त. लाकडी कोळशाची हवी. कोरडी चाळा, हातमोजे घालून तीन पाण्यांत धुवा. पहिलं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, ते क्षारयुक्त पाणी हात सोलतं. धुतलेल्या राखेचं १२२० साठी सुरुवातीचं प्रमाण: राख ४०, फेल्डस्पार ३०, फ्रिट २०, लाल माती १०. हे ओघळतं. उभ्या टाइलवर तपासा, खाली मातीची वाटी ठेवा आणि वस्तूच्या खालच्या दोन बोटं भागाला लावू नका. प्रत्येक हॉटेलची राख वेगळी, म्हणून एकाच वेळी मोठं पिंप भरून घ्या आणि एकत्र करा.

फुटक्या कपबश्या पोत्यात गुंडाळून हातोडीने फोडा, गॉगल लावून. ३० ते ६० मेशमधला चुरा स्टोनवेअरच्या मातीत १० टक्के घाला. आकुंचन कमी होतं, जाड भिंती तडकत नाहीत. फक्त पांढऱ्या, बिननक्षीच्या कपबश्या घ्या. जुन्या नक्षीच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. फुटकी माठं-खापरं तर कुंभार आधीपासूनच कुटून मातीत घालत आलेत, लाल मातीला तीच बरी.

हाडांची राख म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. बोन चायनात ती निम्मी असते, उरलेल्यात पाव फेल्डस्पारसारखा दगड आणि पाव चायना क्ले. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हे प्रमाण बसलं. पण ती माती हाताने वळत नाही आणि तिला साडेबाराशेच्या आसपास तापमान लागतं. ग्लेझमध्ये २ ते ४ टक्के घातली तर दुधी छटा येते, तेवढाच उपयोग. हाडं भाजताना वास मजल्यांवर पसरतो. सोसायटीत आणि समाईक भट्टीत हे करू नका. भट्टी वापरणाऱ्यांत शाकाहारी मंडळी असतील तर आधी विचारा.

---

उत्तर ४: नेरूळ_मातीवाला

एक सोपा उपाय: मातीत अर्धा ते एक टक्का मीठ घाला, चुना उडत नाही. शिंपल्यांचा चुरा घालून भांडी करणारे जुने कुंभार हे करत.

---

आवा_आणि_चाक (कळवा)

@नेरूळ_मातीवाला, उघड्या लाकडी आव्यात ते चालतं, उपाय खराच आहे. वीजभट्टीत नको. मिठातून निघणारा क्लोरीनयुक्त धूर कॉइल खातो आणि खोलीत साठला तर घशालाही त्रास होतो. ताईंच्या भट्टीची कॉइल बदलायचा खर्च मिठाच्या फायद्याहून कितीतरी जास्त. बारीक दळणं हाच खरा उपाय.

आणि कोणी "तापमान वाढवा, चुना मुरेल" असं सांगेल, तेही लाल मातीला लागू नाही. आपल्याकडची माठांची माती १०५० च्या पुढे फुगायला आणि बसायला लागते. वाढवायचंच असेल तर ९८० चं १०२० करा आणि अर्धा तास थांबा. आधी एका टाइलवर.

---

चेंदणीची_माती

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. त्याच जाड चुऱ्याच्या मातीच्या काही पणत्या कच्च्या आहेत, भाजायच्या बाकी. त्या वाचवता येतील का? आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांचं कोणी सांगेल का? गटातल्या एकीने टरफलं आणि सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळाचा डिंक) मिसळून भट्टीशिवाय वाट्या करायचा व्हिडिओ पाठवलाय, त्याबद्दलही सांगा.

---

आवा_आणि_चाक (कळवा)

कच्च्या पणत्या पाण्यात विरघळवा, रबडी १०० मेशमधून गाळा. जाड टरफल वर राहील, माती पूर्ण वाचेल. हाच सर्वांत चांगला मार्ग.

भाजायच्याच असतील तर: भट्टी ८०-१०० अंशांवर आली की पणत्या काढा आणि कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत नव्हे, त्यानंतरही तासभर राहू द्या. एकदम भरपूर पाणी मिळालं की चुना मऊ लोण्यासारखा होऊन मातीच्या छिद्रांत पसरतो. हवेतल्या वाफेने हळूहळू भिजला की फुगून ढकलतो. वीटभट्ट्यांवरही चुनखडीच्या विटा अशाच भिजवतात. पण मोठा कण पृष्ठभागालगत असेल तर हेही पुरत नाही. या पणत्या विकू नका, गटातच वापरा.

पुढच्या प्रत्येक मिश्रणाला प्रेशर कुकरची चाचणी लावा. जुना कुकर घ्या, तळाशी दोन पेले पाणी, जाळीवर भाजलेली टाइल, मंद आचेवर तासभर दाबाखाली वाफ. मधे एकदा गार करून पाणी तपासा, कोरडा पडता कामा नये. पावसाळ्यात महिन्याभरात जे उडणार ते इथे त्याच दिवशी उडतं. दोन दिवस तशीच ठेवून पुन्हा बघा. टिकली तर पुढे जा.

---

खारघर_ग्लेझ

अल्जिनेटच्या वाट्यांना सिरॅमिक म्हणता येणार नाही. भाजलेलं काहीच नाही, टरफलांचे कण फक्त डिंकाने चिकटलेत. कोरड्या वस्तूंना, सजावटीला ठीक. पाणी पडलं की मऊ पडतात, दमट हवेत बुरशीही धरते. चहा किंवा वरण त्यात नकोच.

भांड्यांबद्दल: लाल मातीत टरफलं किंवा चोथा घातला की ती जास्त सच्छिद्र होते. आतून ग्लेझ असलं तरी बुडाशी उघड्या मातीतून पाणी शिरतं आणि आत वास धरतो. जेवणाचं करायचं असेल तर स्टोनवेअरची माती १२२० ला भाजा आणि पाण्याचं शोषण मोजा. कोरडं वजन घ्या, ५ तास उकळा, त्याच पाण्यात २४ तास ठेवा, वरवर पुसून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत हवं. टरफलं मातीत न घालता ग्लेझमध्येच ठेवलीत तर हे सहज जमतं.

ग्लेझ तपासायला लिंबाची फोड वस्तूवर रात्रभर ठेवा. सकाळी तिथे चमक गेली किंवा रंग फिकट झाला तर ते ग्लेझ अन्नाला योग्य नाही. पण एवढ्यावर शिसं नसल्याची खात्री होत नाही. विक्री करणार असाल तर प्रयोगशाळेतून शिसं-कॅडमियमची तपासणी करून घ्या. त्यात ४ टक्के ॲसिटिक आम्लात वस्तू २४ तास ठेवून बाहेर आलेला धातू मोजतात. प्रत्येक नव्या फ्रिटच्या पोत्यामागे एकदा. जुन्या टीव्हीच्या काचा किंवा रंगीत बाटल्यांची पूड कुणी आणून दिली तर घेऊ नका. टीव्हीच्या काचेत शिसं असतं.

---

ऐरोली_खापर

भट्टीच्या वायरिंगचंही बघून घ्या. साडेतीन किलोवॉटची भट्टी २३० व्होल्टवर १५ अँपिअरहून जास्त ओढते, तेही आठ-नऊ तास सलग. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपत नाही, पिन वितळते. वेगळा एमसीबी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग घ्या. सोसायटीच्या मीटरवर घेणार असाल तर मंजूर भार पुरतो का ते महावितरणच्या बिलावर बघा.

टाइलच्या मागे कच्ची असतानाच खिळ्याने मिश्रण, मेश आणि तारीख कोरा. पेनने लिहिलेलं भट्टीत जातं. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने लिहिलं तर राहतं.

---

चेंदणीची_माती

कच्च्या पणत्या आज भिजत घातल्या. १०० मेशची चाळणी ठाण्यात कुठे मिळेल?

---

आवा_आणि_चाक (कळवा)

तयार चाळणी महाग पडते. हार्डवेअरच्या किंवा स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात १०० मेशची नायलॉन किंवा स्टीलची जाळी मीटरवर मागा. प्लॅस्टिकच्या बादलीचं बूड कापा, जाळी ताणून कडेवर बसवा आणि बाहेरून बादलीचंच कापलेलं कडं घट्ट दाबून सिलिकॉनने चिकटवा. स्क्रीन प्रिंटिंगवाले मेशचा आकडा सेंटिमीटरवर मोजतात, आपण इंचावर. १०० मेशला त्यांच्याकडे ४० नंबर मागा.